बॅनर्जी, प्रदीपकुमार

बॅनर्जी, प्रदीपकुमार : (२३ जून १९३६ – २० मार्च २०२०). भारताचे नामवंत फुटबॉलपटू व प्रशिक्षक. ‘पी. के.’ आणि ‘प्रदीपदा’ या नावांनी परिचित. जन्म जलपाईगुडी येथे, जडणघडण जमशेदपुरात. पंधराव्या वर्षी ते संतोष करंडक स्पर्धेत बिहारकडून खेळले. कोलकात्यात आर्यन क्लबमार्गे १९५५ मध्ये ते ईस्टर्न रेल्वे संघात आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मोहन बागान वा ईस्ट बंगालचा पोशाख त्यांनी खेळाडू म्हणून कधी चढवला नाही. तरीही १९५८ मध्ये ईस्टर्न रेल्वेने बड्या क्लबांना मागे टाकून कोलकाता साखळी जिंकली.

उजव्या बगलेवरून वेगाने मुसंडी मारणे आणि जोरकस फटका ही त्यांची वैशिष्ट्ये. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवलेल्या भारतीय संघात चुनी गोस्वामी व तुलसीदास बलराम यांच्यासह त्यांची आघाडीची फळी गाजली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये बॅनर्जी कर्णधार होते व फ्रान्सशी झालेल्या १–१ बरोबरीतील भारताचा गोल त्यांचाच होता. १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला.

दुखापतींमुळे १९६७ मध्ये खेळ थांबवल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या हाताखाली त्यांनी जपानमध्ये फिफाचा प्रशिक्षणवर्ग पूर्ण केला. १९७० च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघाच्या तयारीत जी. एम. बाशा यांच्यासोबत त्यांचा वाटा होता.

१९७२ मध्ये ईस्ट बंगालची सूत्रे हाती घेतल्यावर प्रशिक्षक म्हणून त्यांचा दबदबा वाढला. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात या संघाने मोहन बागानला ५–० असे नमवले. पुढच्याच वर्षी ते त्या पराभूत क्लबचे प्रशिक्षक झाले. १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला मोहन बागानने २–२ असे रोखले. त्याच हंगामात संघाने आयएफए शील्ड, ड्युरँड चषक आणि मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकले.

सामन्याआधी खेळाडूंना चेतवणारे त्यांचे बोलणे ‘व्होकल टॉनिक’ म्हणून प्रसिद्ध आहे. ते ठरावीक भाषण नसे. कोणाचा स्वाभिमान डिवचायचा, कोणाला पाठीवर हात ठेवून समजवायचे, हे खेळाडू पाहून ठरे. मोहन बागानने सोडून दिलेले खेळाडू सुभाष भौमिक ईस्ट बंगालमध्ये त्यांच्याकडे पुन्हा बहरले. १९९७ मध्ये फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त यांच्या ‘डायमंड’ रचनेचा बोलबाला होता. दत्त यांनी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची केलेली टिंगलच तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक असलेल्या बॅनर्जी यांनी संघाला पेटवण्यासाठी वापरली. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर बायचुंग भूतिया यांच्या हॅट्‌ट्रिकच्या बळावर ईस्ट बंगालने ४–१ असा विजय मिळवला.

राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांना क्लबइतके यश लाभले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून एका गोलाने हरला. एकाच क्लबात महिनोन्महिने सहवास मिळाल्यावर साधणारी खेळाडूंची नेमकी पारख ही त्यांची खरी ताकद होती. नव्वदच्या दशकात त्यांनी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तरुण खेळाडू घडवले.

अर्जुन पुरस्कार (१९६१), पद्मश्री (१९९०) आणि फिफाचा शताब्दी ऑर्डर ऑफ मेरिट (२००४) हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान. धाकटे बंधू प्रसून हेही भारताकडून खेळले. भौमिक पुढे स्वतः प्रशिक्षक झाले व त्यांच्या मार्गदर्शनाखाली ईस्ट बंगालने २००३ मध्ये जाकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली. बॅनर्जी यांचे कोलकात्यात निधन झाले.