यंत्राचा पत्ता

नंदुरबारहून सुरतेकडे जाणारी आगगाडी आपल्या रोजच्या ओळखीची आहे. तापी व्हॅली रेल्वेचा हा मार्ग एकोणिसावे शतक सरता सरता तयार झाला, आणि उधना ते जळगाव दुहेरीकरण पुरे व्हायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. एकेरी मार्गांचा जुना नियम अगदी साधा होता. ज्या ड्रायव्हरच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. धावत्या गाडीतून टोकनाचे कडे झेलणारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तोच नियम आज यंत्रांना जोडणाऱ्या तारेवरही भेटतो. मी इतिहासाचा माणूस, इंजिनियर नव्हे. तेव्हा गोष्ट इतिहासाच्या अंगानेच सांगतो.

पूर्वी कारखान्यात कोणते यंत्र केव्हा चालावे हे रिले ठरवीत. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप करणारे बटण. अशी शेकडो बटणे कपाटात भरलेली असत, आणि कामाची पद्धत बदलली की साऱ्या तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने या कटकटीवर उपाय मागितला. मॅसॅच्युसेट्समधील रिचर्ड मोर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी जे यंत्र बनविले त्याचे नाव पडले ०८४, कारण ते त्यांचे चौऱ्याऐंशीवे काम होते! १९६९ मध्ये ते बाजारात आले. तारा तशाच ठेवायच्या, फक्त आतील सूचना बदलायच्या. यालाच प्रोग्रॅमेबल कंट्रोलर म्हणतात. आपली आयटीआयची मुले पीएलसी म्हणतात.

पण हा हुशार गडी एकटा होता. शेजारच्या यंत्राशी त्याने बोलावे कसे? मोर्लींच्या मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली मॉडबस नावाची बोली काढली, आणि ती कुलपात न ठेवता जाहीर केली. माझ्या मते हा निर्णय मूळ यंत्राइतकाच मोठा होता, कारण कोणत्याही कारखानदाराचे यंत्र ही बोली बोलू शकले. तिच्यात मुख्य यंत्र एकच. बाकीच्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. त्यांना १ ते २४७ असे क्रमांक. शून्य क्रमांकाचा निरोप म्हणजे गावची दवंडी: ऐकायची सर्वांनी, उत्तर कोणी द्यायचे नाही. जर्मनीत १९८०च्या दशकात घडलेल्या प्रोफिबसमध्ये तर मुख्य यंत्रे बोलण्याची पाळी खरोखरीच ‘टोकन’ फिरवून ठरवतात. शब्दसुद्धा रेल्वेचाच!

आता समजा, प्रकाशाजवळ तापीकाठी एक पंपघर आहे आणि दूर टेकाडावर पाण्याची टाकी आहे. दोन्हीकडे एकेक कंट्रोलर. त्यांना जोडण्यासाठी प्रत्येकात एक लहान पेटी बसवतात. ती नेटवर्क इंटरफेस मॉड्यूल. आज ही पेटी बहुधा १९७३ साली अमेरिकेत जन्मलेल्या इथरनेटच्या तारेवर बोलते. तिला पत्ता द्यावा लागतो, चार आकड्यांचा, जसे १९२.१६८.१.१०. सोबत २५५.२५५.२५५.० असा मुखवटा, म्हणजे मास्क. तो सांगतो की पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा. गावाबाहेरचा निरोप ज्या वेशीतून जायचा तिला गेटवे म्हणतात.

खरी मेख पुढेच आहे. पुष्कळ नव्या पेट्या वीज येताच स्वतःचा पत्ता दुसऱ्याला विचारतात. ही सवय बंद करून पत्ता कायमचा नोंदवला नाही, तर वीज जाऊन परत आल्यावर पेटी भलत्याच पत्त्यावर नांदू लागते, किंवा बिनपत्त्याचीच राहते. इकडे ‘टाकी भरली’ हा निरोप जुन्या घराचे दार ठोठावीत राहतो आणि पंप रात्रभर चालतो. टाकी फुटेस्तोवर वाहते, आणि विजेचे बिल शेतकऱ्याच्या माथी. म्हणून जाणता कारागीर आतल्या सूचनांतच लिहून ठेवतो: ठराविक सेकंदांत निरोप आला नाही, तर पंप आपला आपण थांबेल.

आणखी एक गोष्ट. जुनी मॉडबस बोलणाऱ्याला ‘तू कोण?’ असे विचारीत नाही. १९७९ साली तार कारखान्याच्या चार भिंतींतच होती, तेव्हा ते चालून गेले. २०१० साली स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्रॅम उघडकीस आला. त्याने इराणमधील अणुप्रकल्पाच्या कंट्रोलरांतल्या सूचनाच बदलल्या होत्या, आणि देखरेख करणाऱ्यांना सारे आलबेल दिसत राहिले. तेव्हा पंपघराची वेस साऱ्या जगाला उघडी टाकू नये.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच कामावर आहे. एकदा दोन पेट्यांना चुकून एकच पत्ता दिला गेला. कधी ही उत्तर देई, कधी ती; बिचारा रात्रभर तारा तपासत बसला, आणि तारा तर सगळ्या धडधाकट! तेव्हापासून तो पेटी बसवली की तिच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने पत्ता लिहितो, आणि तोच आकडा पंपघराच्या वहीतही.