पंप, नोझल आणि धूर : जुन्या डिझेल गाड्यांच्या निदानाविषयी

थंडीत निफाडच्या बाजूला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा द्राक्षबागायतदार बागांमधून शेकोट्या पेटवतात आणि आमच्यासारखे जुन्या डिझेल गाड्या बाळगणारे काही जण पहाटे हीटर प्लग तापण्याची वाट पाहत किल्लीवर हात ठेवून बसतात. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी पुरते. डिझेलच्या गाडीला ठिणगीच नसते. तिच्या पोटात हवा वीस-बावीस पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा शिरला की तो आपोआप पेट घेतो. दाब, फवारा आणि वेळ ही तीन मात्रे जुळली तर इंजिन चालते. एक जरी चुकले तरी ते धूर सोडून सांगते. जुन्या डिझेल गाडीच्या निदानाचे सारे शास्त्र या एवढ्यावर उभे आहे.

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या दारातून आत जातात. कोणते मॉडेल कोणत्या साली आले, किती अश्वशक्तीचे होते, करार कोणाशी झाला. ही माहिती आवश्यकच आहे. परंतु गाडी बनते एका दिवसात आणि जगते तीस-चाळीस वर्षे. विक्रीनंतरच्या त्या दीर्घ आयुष्याचा इतिहास कोणी लिहीत नाही, कारण त्याची कागदपत्रे नसतात. आमचे म्हणणे असे की, आपल्याकडच्या डिझेल मोटारीचा इतिहास मुख्यत्वे दुरुस्तीचा इतिहास आहे आणि तो गॅरेजमधल्या तेलकट वह्यांत व मिस्तरींच्या कानांत साठलेला आहे.

आरंभ अर्थात युरोपात. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये एकस्व मिळाले आणि १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग येथे त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालले. इंधनातील सुमारे सव्वीस टक्के ऊर्जेचे ते कामात रूपांतर करीत होते. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा आकडा अविश्वसनीय होता. मात्र त्या इंजिनात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी एक अवजड कॉम्प्रेसर. कारखान्यात, जहाजावर हे चालून जाई. मोटारीत कुठे ठेवणार? १९१३ च्या सप्टेंबरात अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसे झाले, तोवर त्यांचे इंजिन मोटारीत बसलेले नव्हते. पुढे प्रॉस्पर लोरांज यांनी पूर्वज्वलनकक्षाची कल्पना पुढे नेली, हॅरी रिकार्डो यांनी हवेला भोवरा देणारा कक्ष बनवला आणि १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन-पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले. खरे वळण हे शेवटचे. हातात मावेल अशा पंपाने इंधनालाच दाब दिला आणि कॉम्प्रेसर गेला. १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजची २६० डी आली ती त्यामुळेच. डिझेल मोटार म्हणजे मूलतः एक पंप आणि त्याच्याभोवती बांधलेली गाडी, असे चेष्टेने म्हटले तरी ते फारसे खोटे नाही.

आपल्याकडे हे ज्ञान मोटारीच्या आधी विहिरीवर आले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि नंतरच्या दशकांत गावोगावच्या मळ्यांत डिझेल इंजिनांचा आवाज ऐकू येऊ लागला. हँडल मारून, डिकॉम्प्रेशनची कळ योग्य क्षणी सोडून इंजिन चालू करणारा शेतकरी हाच आमच्या मते इथला पहिला डिझेल-निदानकार. पाण्याचा उपसा बंद पडला तर उसाचे वा कांद्याचे पीक जाते. तालुक्याच्या गावाहून मिस्तरी येईपर्यंत थांबायला सवड नसते. एअर घेतली आहे, नोझल टपकते आहे, रिंगा गेल्या आहेत, हे निवाडे तिथेच बांधावर होऊ लागले. पुढे मोटारी आल्या तेव्हा शब्द तयार होते.

मोटारी आल्या त्या किमतीतल्या तफावतीमुळे. शेती आणि मालवाहतूक यांसाठी सरकारने डिझेल स्वस्त ठेवले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचा भाव मोटारमालकाला झोंबू लागला. १९८० च्या आसपास अँबॅसडरला १४८९ घनसेंटिमीटरचे ब्रिटिश कुळातले डिझेल इंजिन मिळाले. त्याची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. चढावर मागून बैलगाडी पुढे जाईल अशी थट्टा होई. पण टॅक्सीवाल्याला पुढे जाण्यापेक्षा संध्याकाळी हातात काय उरते याची फिकीर होती. ज्यांना नवी गाडी परवडत नव्हती त्यांनी जुन्या पेट्रोल अँबॅसडरमध्ये मॅटाडोरचे इंजिन बसवून घेतले. ही रूपांतरे कुठल्याच कंपनीच्या इतिहासात सापडणार नाहीत. इंजिनाचे पाय कापून नवे वेल्ड करणे, गिअरबॉक्सला जोडपट्टी बनवणे, रेडिएटर पुढे सरकवणे हे सारे लेथवाल्यांच्या आणि मिस्तरींच्या अकलेवर झाले. (त्यातली काही फार वाईटही झाली, हे आम्ही नाकारत नाही.)

नाशिकचा भाग या कथेत विशेष आहे. महिंद्रने १९७९ मध्ये प्यूजोशी करार करून २११२ घनसेंटिमीटरचे एक्सडीपी इंजिन घेतले आणि ते इगतपुरीला बनू लागले. बंगळुरात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीचा कारखाना १९७० च्या आसपास नाशिकला आला. तिथे नोझल आणि इंजेक्टर बनत. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, पण शहरातला मायको सर्कल मायकोच राहिला. नोझलची सुई आणि तिचे घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनांचे अंतर असते, आणि ते हाताळायला शिकलेली माणसे कारखान्याबाहेरही होती. त्यामुळे इथे पंप-नोझलची दुकाने दाट झाली. ग्रामीण भागात काळी-पिवळी म्हणून धावलेल्या जीपगाड्यांनी त्यांना काम पुरवले. त्या जीपगाड्यांतही दोन जाती : इगतपुरीचे, हीटर मागणारे प्यूजो इंजिन आणि ट्रॅक्टरच्या कुळातले २५२३ घनसेंटिमीटरचे घणघणीत डीआय इंजिन, ज्याला थंडीत हीटरचीही गरज भासत नाही. दोघांचे आजार वेगळे. रस्त्याच्या पलीकडून आवाज ऐकून कोणती जात आहे हे आमच्यातले बहुतेक जण सांगतात. त्यात मोठेपणा काही नाही, सराव आहे.

आम्ही दर रविवारी सकाळी जमतो. कोणाची जीप, कोणाची जुनी अँबॅसडर, एकाची १९९८ च्या जानेवारीत पहिल्यांदा लोकांसमोर आलेल्या इंडिकेच्या सुरुवातीच्या मालिकेतली गाडी. निदान कसे चालते याचा एकच दाखला देतो.

आमच्यातील एका निवृत्त शिक्षकांची एक्सडीपी जीप सकाळी सुरू होईना. दुपारी एका इशाऱ्यावर चालू; सकाळी मात्र स्टार्टर दमेपर्यंत फिरवावा लागे, मग पांढऱ्या धुराचा लोट, आणि दोन मिनिटांत सारे ठीक. एका वर्कशॉपने पंप दोनदा कॅलिब्रेट केला होता, चारही नोझल आणि हीटर बदलले होते. सरांची दीड महिन्याची पेन्शन त्यात गेली आणि आजार तसाच. गाडी विकून टाकावी असे घरचे म्हणू लागले. या जीपमधून त्यांनी पत्नीला शेवटच्या आजारपणात दवाखान्यात नेले-आणले होते, त्यामुळे प्रश्न निव्वळ गाडीचा नव्हता.

त्या रविवारी पंपाचे काम करण्यात आयुष्य गेलेले चाचा आले होते. त्यांनी बॉनेट उघडलेच नाही. धुराचा वास घेतला. पांढरा धूर दोन प्रकारचा : हेड गॅसकेट जाऊन पाणी जळत असेल तर वास गोडसर येतो, न जळलेले डिझेल असेल तर डोळे चुरचुरतात. हा दुसरा होता. मग त्यांनी विचारले, "सर, रात्री गाडी कशी लावता? तोंड चढाकडे की उताराकडे?"

"घरासमोर चढ आहे, चाचा. तोंड वर करूनच लावतो."

"मग पंपाला कोणी हात लावू नका."

सलाइनची पारदर्शक नळी आणली गेली आणि फीड पंप व फिल्टर यांच्यामध्ये जोडली. इंजिन चालू करताच नळीतून बुडबुडे धावताना सगळ्यांना दिसले. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. म्हणून तिथला सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सारे कोरडे, स्वच्छ. रात्रभर गाडी तोंड वर करून उभी राहिली की नळीतले डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी पंपाच्या तोंडी हवा येते. फीड पंपाच्या बँजो बोल्टखाली जुनाच तांब्याचा वॉशर पुन्हा वापरलेला होता. त्यावर नखाला लागेल एवढी चर होती. नवा वॉशर काही रुपयांचा. तो घातला, हातपंपाने एअर काढली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी फोन करून इंजिनाचा आवाजच ऐकवला.

मराठीत 'निदान' या शब्दाला दोन अर्थ आहेत, रोगाची पारख आणि 'कमीत कमी'. चाचांच्या कामात ते एकत्र येतात. आधी कमीत कमी उघडायचे. इंजिन मंद चालू ठेवून नोझलच्या पाइपाचे नट एकेक करून किंचित सैल करायचे. ज्या सिलिंडरला फरक पडत नाही तो आजारी. (इथे एक इशारा देणे भाग आहे. त्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, तो कातडीतून आत शिरतो. आणि कॉमन रेलच्या गाडीवर, जिथे दाब हजार बारच्या वर असतो, हा प्रयोग कधीही करू नये.) तेलाचे झाकण काढून पाहायचे, धाप लागल्यासारखा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा म्हणजे हवेपेक्षा इंधन जास्त : कधी एअर फिल्टर तुंबलेला, कधी नोझल टपकणारे, आणि पुष्कळदा पंपाचे सील तोडून मुद्दाम 'डिझेल वाढवलेले'. काळ्या धुराला ताकद समजण्याची खोड आपल्या रस्त्यांवर फार जुनी आहे.

आणि इथे आमची अडचण सुरू होते. आम्हाला जो धूर लक्षण म्हणून वाचता येतो, तोच शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक ठरवले. त्याआधीच, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, न्यायालयीन आदेशांच्या रेट्याखाली मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या होत्या. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मज्जाव केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही हा वाद न्यायालयात परतला आहे. आमच्या मंडळींत या विषयावर दोन तट आहेत. काही जण म्हणतात, वय मोजू नका, धूर मोजा. जुन्या डिझेलगाडीला पीयूसीत ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे आणि नीट राखलेली गाडी तिच्या बरीच खाली राहते. हे खरे आहे. पण डोळ्याला न दिसणारे सूक्ष्म कण त्या यंत्रात नीट मोजले जात नाहीत, हेही खरे आहे. राखलेली जुनी गाडी हेळसांड झालेल्या गाडीपेक्षा बरी, एवढेच आम्हाला म्हणता येते. ती स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. म्हणून आमच्यापैकी बहुतेक जण या गाड्या रोज वापरत नाहीत. असो.

इंधनही बदलले. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शके; २०२० पासून ते दशलक्षात दहा भागांवर आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता घटते, म्हणून त्यात मुद्दाम पूरके घालावी लागतात. पंपातले जुने रबरी सील नव्या डिझेलने आकसून गळू लागतात. ते बदलले की बहुधा प्रश्न मिटतो. २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव खुले झाले आणि ज्या तफावतीने या गाड्या जन्माला घातल्या ती उतरू लागली. नव्या गाड्यांचा संगणक दोष आपणहून सांगतो. पंप-नोझलच्या दुकानांतली कॅलिब्रेशनची बाके एकामागून एक भंगारात जात आहेत.

चाचांनीही त्यांचे बाक विकले. नोझल टेस्टर मात्र आम्ही वर्गणी काढून घेतला : हाताने दांडा दाबायचा, काटा सव्वाशे बारच्या आसपास जाताच फवारा सुटायला हवा, आणि सुटताना बारीक करकर आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर नोझल टाकाऊ. त्या आवाजाचे वर्णन लिहून ठेवण्याचा आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला, जमले नाही. शेवटी वहीत प्रत्येक इंजिनाचे आकडे, टॅपेटची माप आणि आजवरचे आजार तेवढे लिहिले, आणि त्याशेजारी सरांच्या नातवाला बसवून दर रविवारी दांडा दाबायला लावले. तिसऱ्या महिन्यात तो चाचांच्या आधी 'टाकाऊ' म्हणाला.

सरांची जीप हल्ली घरासमोर तोंड उताराकडे करून उभी असते. वॉशर नवा आहे, गरज काही नाही. विचारले तर सर म्हणतात, "असू द्या हो."