वेळेआधी झालेल्या चेतापेशी

चला, व्हिएन्नात. 2013 चा ऑगस्ट अजून यायचा आहे. माणसाच्या मेंदूसारखे गोळे प्रयोगशाळेत वाढवल्याचा ‘नेचर’मधला निबंध अजून छापून आलेला नाही. युर्गेन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेत मॅडलिन लँकेस्टर काम करताहेत. हातमोजे चढवा आणि इन्क्युबेटर उघडा. ऊब अंगावर येते. फ्लास्कमधलं गुलाबीसर द्रव संथ फिरतंय, त्यात पांढुरके गोळे तरंगताहेत. मोठ्यात मोठा चार मिलिमीटरचा. उजेडाकडे धरून बघा, एकावर काळा ठिपका आहे. डोळ्याच्या पडद्याच्या पेशी तिथे आपसूक तयार झाल्यात! बाहेरून दिलं ते एवढंच: जेलच्या थेंबाचा आधार, पोषण आणि सततची हालचाल.

आता शेजारचे गोळे बघा. हे बारके आहेत. ते एका रुग्णाच्या त्वचेपासून वाढवलेत. आजार मायक्रोसेफली, म्हणजे जन्मतः लहान मेंदू. दोष सीडीके-5-रॅप-2 या जनुकात. उंदरात हा आजार माणसाइतका तीव्र उतरत नाही, त्यामुळे उंदरावर भागत नाही. मात्र त्वचेच्या पेशीत चार जनुकं घालून तिची मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, करता येते, हे शिन्या यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवून दिलं होतं.

गोळ्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवा. मूलपेशींनी आधी आपली संख्या वाढवायची, मग चेतापेशी व्हायचं. इथे त्या फार लवकर चेतापेशी झाल्यात. भांडवल वाढायच्या आतच खर्चून गेलं. शाबूत जनुक परत दिलं, की मूलपेशी वाढलेल्या दिसतात. माझ्या लेखी या कापाचं मोल फार मोठं आहे. ‘आमचंच काही चुकलं का?’ ही बोच घेऊन जगणाऱ्या आईबापांना दाखवता येईल असं काहीतरी इथे आहे. त्यानं त्या रुग्णाचा मेंदू वाढणार नाही, हेही खरंच. गोळ्यांत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे त्यांचा गाभाही मरतो.

तरीही 2016 मध्ये या, रिओ दि जानेरोला. ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्माला येताहेत आणि संशय झिका या विषाणूवर आहे. पॅट्रिशिया गार्सेझ आणि स्टीव्हन्स रेहेन यांच्या गटानं असेच गोळे वाढवून त्यांना झिकाची लागण केली आहे. अकरा दिवसांनी मोजलं, तर वाढ 40 टक्क्यांनी कमी. शेजारी त्याच कुळातल्या डेंग्यूच्या विषाणूची लागण झालेल्या पेशीही आहेत. त्यांची अशी हानी झालेली नाही.