झीज, ठसा आणि माती

नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, मुळात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले होते: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. नहपानाचे नाक कुठे कमानीत अडकलेले, ग्रीक अक्षरे अर्धीमुर्धी. नवखा संग्राहक असे नाणे बाजूला सारतो, कारण चेहरा ‘बिघडलेला’ आहे. पण क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश गौतमीपुत्राने उखडला, हे नाशिकच्या लेण्यातला त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख सांगतो, आणि त्याला दुजोरा मिळाला तो याच बिघडलेल्या चेहऱ्यांमुळे.

म्हणून नाणे हाती घेतल्यावर दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. टांकसाळीतून ते कसे बाहेर पडले? आणि त्यानंतर त्याच्यावर काय काय गुदरले? बाजारातल्या श्रेण्या हे दोन्ही एकाच शब्दात कोंबतात. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ते चालून जाते. हातोड्याने पाडलेल्यांना नाही. पुढच्या काळातल्या क्षत्रपांच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शकवर्ष असते. चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे वर्षाचे आकडे पुष्कळदा चकतीबाहेर गेलेले. असे नाणे कोरेकरकरीत असले तरी वर्ष मुळात उमटलेलेच नाही. मला विचाराल तर, गाल गुळगुळीत झालेले पण आकडे वाचता येणारे नाणे मी आधी उचलेन.

झीज आणि कच्चा ठसा यांतला फरक डोळ्यांना सवयीने कळतो. दिव्याचा उजेड तिरपा पडू द्या. झीज आधी उंचवट्यांवर दिसते: गालाचे हाड, कानावरचे केस. तिथला पृष्ठभाग सपाट आणि मऊ झालेला असतो. कच्च्या ठशात मात्र चकतीचा मूळ खडबडीतपणा टिकून राहतो, आणि नाणे उलटले की बहुतेक वेळा मागच्या बाजूलाही तीच जागा पुसट आढळते. बनावट नाण्यांना पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एवढेच, की ओतीव नकलेवर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आणि कडेला जोडाची रेघ शोधावी.

झीज हा नेहमी तोटाच असतो असेही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक. त्यांनी तक्षशिलेची आहत, म्हणजे चिन्हे ठोकून उमटवलेली, नाणी एकेक करून तोलली. बत्तीस रतींच्या मापाच्या या चांदीच्या तुकड्यांवर मागच्या बाजूने जितक्या बारीक खुणा अधिक, तितके त्यांचे सरासरी वजन कमी, असे त्यांना दिसले. नाणे जितके अधिक हातांतून फिरले, तितक्या खुणा वाढल्या आणि तितकी चांदी घासून गेली. म्हणजे वजनावरून कोणते आधीचे, कोणते नंतरचे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून नव्या अभ्यासकाला मी भिंगाच्या आधी चांगला तराजू घ्यायला सांगतो.

नाण्याचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा मालकच करतो. घरची तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात, म्हणून नाणीही करावीत असे वाटणे साहजिक आहे. पण आम्लाने मातीचा थर जातो आणि त्याच्याबरोबर बारीक अक्षरेही जातात. तांब्यावरचे पुट टणक आणि एकसंध असेल तर त्याला हात लावू नये. नखाने निघणारी फिकट हिरवी पूड मात्र रोग आहे. असे नाणे इतरांपासून लगेच वेगळे, कोरडे ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे. सातवाहनांनी शिशाचीही भरपूर नाणी पाडली, आणि त्यांचा वैरी म्हणजे आपले देखणे लाकडी कपाट. लाकडातून, पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिसे पांढरे पडते आणि भुकटी होऊन झडू लागते. तसली नाणी खणांत मांडून ठेवण्याची हौस असेल, तर खण आधी बदलावेत.