डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत : एका लहान मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. हुडकोतील आमच्या अंगणात 1970 सालच्या फियाट डिलाइटचे काम सुरू झाले आणि प्रस्तुत लेखकाने तोच शब्द वापरला, तेव्हा शेजारी हसले. ही गाडी आमच्या तीर्थरूपांनी नागपुरास, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर घेतली होती. जुन्या सहा क्रमांकाच्या महामार्गाने ती आमच्यामागून भिलाईस आली.

या गाडीचे कूळ मराठी मुलखातले. सोलापुरात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. नुसते सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांस यापुढे वाव नाही, असे सरकारी धोरण 1953 च्या सुमारास ठरले. 1928 पासून मुंबईत गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 साली हे काम आवरते घेतले. वालचंद 1953 मध्येच निवर्तले होते. परंतु कुर्ल्याची फियाट 1100 रस्त्यावर आली. तिचे पुढे आलेले तोंड पाहून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि त्यात हेटाळणीपेक्षा लळाच अधिक होता. अँबॅसडर ही साहेबी इतमामाची गाडी; फियाट डॉक्टरांची, वकिलांची, फार तर एखाद्या हौशी प्राध्यापकाची. 1974 मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 अवतरली आणि तिचे दिवस भरत आले. तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत राहिली.

आता दुरुस्तीकडे वळू. 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन साधे व सोशिक. त्याने आम्हांस फारसे छळले नाही. खरा शत्रू गंज. जुन्या मोठ्या गाड्यांना स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे व वरचा सांगोपांग डोलारा त्यावर बसवलेला असे. 1953 साली इटलीत निघालेल्या या वाणात तसा सांगाडाच नाही. तळ, दरवाजांखालच्या कडा आणि छप्पर मिळून सारा भार पेलतात. म्हणून गाडी हलकी झाली. पण म्हणूनच तळाचा गंज हा केवळ रूपाचा प्रश्न उरत नाही, कणाच खचतो. पहिल्या मिस्त्रीने भोके लांबीने बुजवून वर रंग मारण्याचा सल्ला दिला. स्वस्त होता, गाडी महिन्याभरात देखणी दिसली असती. दुसऱ्याने टोचणीने पत्रा टोचून दाखवला, टोचणी आरपार गेली! मग सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे आले. गंमत अशी की, पोलादाच्या या नगरीत रूळ आणि जाड प्लेटा उदंड. मोटारीस लागणारा पातळ पत्रा मात्र येथला नव्हे. तो बाहेरूनच आणावा लागला.

काम संपले, आणि निराळाच पेच उभा राहिला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपातील खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मान मोठा, परंतु अशी गाडी प्रदर्शन, मेळावे वा देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास मनाई. संग्राहकांना हे रास्त वाटेल. मला वाटले, जी गाडी सासरी जाणाऱ्या मुली, आजारी माणसे आणि गणपती वाहून नेण्यासाठीच घेतली गेली, तिला काचेआड बसवण्यात इतिहासाचा कोणता सन्मान? मातोश्रींना विचारले. त्या म्हणाल्या, “यांनी ती बसायला घेतली होती, बघायला नव्हे.”

तेव्हा साधीच नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. गिअरचा दांडा अजून स्टिअरिंगपाशीच आहे, दुसरा गिअर अजून अडतो, आणि मातोश्री अजून मागच्या आसनावर डाव्या खिडकीशीच बसतात.