वाळूंतील प्रकाश

वर्धेकडील नाचणगावासारख्या गांवीं घरोघर वीज येण्यापूर्वीं लग्नाची वरात असो कीं रात्रीचें कीर्तन असो, गॅसबत्तीवांचून शोभा नसे. तिची सुती जाळी प्रथम जळून राख होई आणि मग ती राखच शुभ्र तेजानें प्रकाशूं लागे. ही राख कसली, असा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारी.

ऑस्ट्रियाचा रसायनज्ञ औअर फॉन वेल्सबाख यानें १८८५ सालीं या जाळीचें पेटंट घेतलें. पहिल्या जाळीचा उजेड हिरवट पडे. १८९१ सालीं त्यानें ९९ भाग थोरियम ऑक्साइड व १ भाग सीरियम ऑक्साइड हें प्रमाण निश्चित केलें, आणि जाळीला यश आलें. सीरियम हा ‘विरल मृत्तिका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सतरा धातूंपैकीं एक. थोरियम त्यांतला नव्हे, पण मोनाझाइट या खनिजांत तो त्यांच्याच सोबतीनें राहतो.

‘विरल’ हें नांव मोठें फसवें आहे. भूकवचांत सीरियम जवळजवळ तांब्याइतका आहे. परंतु हे धातु गुणांनीं भावंडांसारखे असल्यामुळें एकास दुसऱ्यापासून वेगळें काढणें महाकठिण. विरल आहे ती त्यांची शुद्धता.

१९०९ सालीं शॉम्बर्ग या जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरच्या काथ्याला चिकटून आलेल्या वाळूंत मोनाझाइट आढळलें. तेव्हांपासून ती वाळू परदेशीं जाऊं लागली. वाळू आमची, पण तींतून प्रकाश काढण्याची विद्या परक्यांची, असा तो व्यवहार होता. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या ऑगस्टांत, ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली. १९५२ सालीं केरळांतील आलुवा येथें व १९५५ सालीं मुंबईजवळ तुर्भे येथें तिचे कारखाने सुरू झाले.

गॅसबत्ती मागें पडली, तरी या द्रव्यांचा प्रकाशाशीं असलेला संबंध तुटला नाहीं. निर्वात पात्रांत एखादें द्रव्य तापवून त्याची वाफ केली, म्हणजे तिचे कण हवेशीं न आदळतां सरळ जाऊन समोरच्या कांचेवर बसतात. थर योग्य द्रव्याचा व प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढा असला, तर त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग परस्परांस नष्ट करतात आणि भिंगावरील चकाकी जाते. झाइस कंपनीच्या स्माकुलानें १९३५ सालीं अशा थरांचें पेटंट घेतलें. सीरियम ऑक्साइड व लँथॅनम फ्लोराइड हीं आज भिंगांच्या व आरशांच्या थरांत वापरतात. शुद्ध विरल धातूंना तर निर्वाताची गरज अधिकच, कारण त्यांतील बरेचसे हवेंत लवकर गंजतात. १९९६ सालीं अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनीं यिट्रियम व लँथॅनम यांच्या पातळ थरांवर पॅलेडियमचें कवच चढविलें. हायड्रोजन भरतांच तो आरसा पारदर्शक झाला, आणि हायड्रोजन कमी करतांच पुन्हा चकाकूं लागला.

आज जगांतील बहुतेक विरल मृत्तिकांचें शुद्धीकरण चीनमध्यें होतें. आमच्या किनाऱ्यावर वाळू विपुल आहे, हें ऐकून समाधान मानणाऱ्यांनीं १९०९ नंतरचा इतिहास आठवावा. वाळू तेव्हांही विपुलच होती.