पडणारा दगड आणि बगदादचा हकीम

न्यूटनच्या आधी कित्येक शतके मुसलमानांनी गुरुत्वाकर्षण शोधले, असे आपल्या जलशांतून छातीठोकपणे सांगितले जाते. टाळ्याही पडतात. पण ते खरे नाही. खरी हकीकत वेगळी आहे आणि मला तरी ती अधिक मोलाची वाटते.

दगड हातातून सुटला की खाली पडतो, त्यात नवल कसले? पण पडता पडता त्याचा वेग का वाढतो? अरस्तूने (इ. स. पू. ३८४–३२२) सांगून ठेवले होते की वस्तू जितकी जड, तितकी ती वेगाने पडते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती पंडिताने हे खोडून काढले. अरब त्याला याह्या अन-नहवी म्हणत. एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट जड घेऊन दोन्ही एकाच उंचीवरून सोडा, पडण्याच्या वेळेत फरक अगदी किरकोळ दिसेल, असे त्याने लिहिले. गॅलिलिओच्या हजार वर्षे आधी!

इब्न सीना (९८०–१०३७) यांनी 'मैल' ही कल्पना मांडली. हा अंतर मोजायचा मैल नव्हे. उर्दूत मन कशाकडे 'मायल' झाले असे आपण म्हणतो ना, त्याच घरातला हा शब्द: ओढा, कल. फेकणारा दगडाला मैल देतो, आणि वाटेत अडवणारे काहीच नसेल तर तो संपणारही नाही, असे त्यांचे म्हणणे.

बाराव्या शतकात अबुल बरकात अल-बगदादी यांनी गाडी पुढे नेली. जन्माने यहुदी, पेशाने हकीम; उतारवयात त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'किताब अल-मोअतबर', म्हणजे स्वतः विचार करून पारखून घेतलेले. त्यात ते म्हणतात की पडणाऱ्या दगडात खालच्या दिशेचा मैल क्षणोक्षणी नव्याने उपजत राहतो, आधीच्यात पुढचा मिळत जातो, म्हणून वेग वाढतो. सतत लागणारे बळ नुसता वेग देऊन थांबत नाही, ते वेग वाढवत राहते, हे नववीच्या मुलांना समजावताना आजही माझी दमछाक होते. हकीमसाहेब आठशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. आणि हा ग्रंथ छापला कुठे? आपल्या शेजारी हैदराबादेत, १९३८च्या सुमारास, तीन खंडांत. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी त्याच राज्यात होते.

तरीही हे गुरुत्वाकर्षण नव्हे. दगडाला खेचणारी ओढ चंद्रालाही धरून ठेवते, हे न्यूटनने १६८७ साली गणिताने दाखवले. त्याआधी १६३८ साली गॅलिलिओचे पुस्तक लायडनला छापले गेले होते. त्याने खाच पाडलेल्या तिरक्या फळीवरून काशाची गोळी सोडली, भांड्यातून बारीक धारेने गळणारे पाणी तोलून वेळ मोजला. सारख्या वेळांत कापलेली अंतरे निघाली १, ३, ५, ७ या प्रमाणात. सरळ पडणारा दगड आजच्या मापाने पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दुसऱ्यात १४.७ आणि तिसऱ्यात २४.५ मीटर खाली येतो. हवेचा अडथळा अर्थातच सोडून.

यातले कोणते साधन आपल्या लोकांकडे नव्हते? अल-खाझिनी यांनी ११२१ साली तराजूवर अख्खा ग्रंथ लिहिला. अल-जझरी यांच्या १२०६च्या पुस्तकात एकाहून एक नामी पाणघड्याळे आहेत. पण फळी तिरकी ठेवून पाणी तोलायला कोणी बसले नाही. मला वाटते, हकीमसाहेबांना वेग का वाढतो याचा उलगडा हवा होता आणि तो झाल्यावर त्यांचे समाधान झाले. गॅलिलिओ मात्र त्याच पुस्तकात साफ सांगतो की वेग वाढण्याच्या कारणाची चर्चा तूर्त नको, आधी तो कसा वाढतो ते पाहू.